जुन्या लेथच्या पायाखालची जमीन

दारव्हा, जि. यवतमाळ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

हिंगणघाटकडच्या एका बंद पडलेल्या कापूस-जिनिंगच्या भंगारातून तू सहा फुटी लेथ, म्हणजे धातू कातण्याचे यंत्र, घेतलास आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गावी आणलास, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. रंग कोणता द्यावा आणि घरच्या सिंगल फेजवर लेथ चालवण्यासाठी कोणता ड्राइव्ह (मोटरला वीज देऊन तिचा वेग बदलणारी पेटी) घ्यावा, अशा दोन गोष्टी तू विचारल्या आहेस. त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. पण त्या दोन्हींच्या आधी ज्या गोष्टीचा विचार व्हायला हवा, ती म्हणजे हा लेथ ज्या जमिनीवर उभा राहणार आहे ती जमीन.

आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृग बरसला की त्या मिटतात, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. तीच माती तुझ्या टिनाच्या शेडखालीही आहे. लेथचा बिडाचा बेड (ज्यावर सगळे भाग बसतात ते लांब धड) दिसायला अवजड असला, तरी चार पायांपैकी एक पाय केसभर खाली गेला की तो पिळतो. बेड पिळला की सॅडल (टूल धरून बेडवर सरकणारा भाग) सरकताना टूल जॉबच्या, म्हणजे कातायच्या तुकड्याच्या, आसाशी समांतर राहत नाही, आणि सरळ निघायला हवा तो दांडा निमुळता निघतो.

हे मी फार मोठी किंमत देऊन शिकलो. माझा पहिला लेथ मी काळ्या मातीवर चार इंच काँक्रीट टाकून त्यावर बसवला होता. उन्हाळ्यात १०० मिमी लांबीत ०.०६ मिमी टेपर (निमुळतेपणा) येऊ लागला, तेव्हा हेडस्टॉकच (दांडा धरून फिरवणारा भाग) वाकडा बसला आहे असा मी निष्कर्ष काढला, त्याचे बोल्ट सोडले आणि आठ दिवस खपून त्याची बैठक स्क्रॅपरने घासली. दांडा सरळ निघू लागला आणि मला समाधान वाटले. श्रावणात जमीन फुगली आणि टेपर उलट्या बाजूने परत आला. हेडस्टॉकमध्ये मुळात काहीच दोष नव्हता. पण घासून काढलेले बीड परत लावता येत नाही, आणि त्या बैठकीखाली पत्रीची शिम घालून मला तो लेथ पुढे कायम वापरावा लागला. म्हणून तुला कळकळीने सांगतो की, जे काम उलटे फिरवता येत नाही, त्याला वर्षभराची मापे हाती येईपर्यंत हात लावू नकोस.

शेडमध्ये लेथपेक्षा दोन्ही अंगांनी फूट-दीड फूट मोठी जागा आखून काळी माती उपसून काढ. मुरूम लागला तर उत्तम; नाही लागला तर निदान तीन फूट खोल जा आणि तो खड्डा बाहेरच्या मुरमाने, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुम्मस करत भर. त्यावर लोखंडी जाळीचा आठ-नऊ इंच जाडीचा एकसंध स्लॅब घाल. तो भिंतीला जोडू नकोस आणि छपराचे पाणी त्याच्या जवळ मुरू देऊ नकोस. स्लॅबला पुरते २८ दिवस पाणी दे. मग प्रत्येक पायाखाली जाड लोखंडी पाटी आणि वर-खाली करता येईल असा बोल्ट ठेव, म्हणजे पुढे जमीन हललीच तर पाना फिरवून दुरुस्ती करता येईल.

लेव्हल मात्र गवंड्याची चालणार नाही, मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी मशीन लेव्हल कोणाकडून तरी मागून आण. ती बेडवर आडवी ठेवून आधी हेडस्टॉकजवळ आणि मग टेलस्टॉकच्या (दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाच्या) टोकाला वाच. दोन्हीकडचे वाचन सारखे असणे महत्त्वाचे आहे, कारण ते सारखे असेल तर बेडला पीळ नाही. त्यानंतर चकमध्ये (दांडा धरणाऱ्या जबड्यात) साधारण ४० मिमी जाडीचा दांडा टेलस्टॉकचा आधार न देता धर, त्यावर १०० मिमी अंतराने दोन कडी राखून मधला भाग उतरव, आणि क्रॉस स्लाइड (टूल आत-बाहेर करणारा भाग) न हलवता दोन्ही कड्यांवरून शेवटचा हलका कट घे. मायक्रोमीटरने त्यांचे व्यास मोज, तारखेसह वहीत लिही आणि टेलस्टॉककडच्या पायांचे बोल्ट किंचित फिरवून पुन्हा कट घेऊन पाहा. हेच वाचन पोळ्याच्या सुमारास आणि पुन्हा पुढच्या मे महिन्यात घ्यायचे आहे.

साफसफाईबद्दल थोडक्यात सांगतो. बेडला ग्राइंडर किंवा एमरी पेपर लावू नकोस. रॉकेल, जाड फडके आणि पितळेची पट्टी यांनी जेवढा गंज निघेल तेवढाच काढ. उरलेले काळे डाग कामात आड येत नाहीत. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासून त्याची धूळ उडवू नकोस. नवा रंग सर्वांत शेवटी दे आणि तुला आवडेल तो दे.

चकजवळ बेड जास्त झिजलेला आढळेल, कारण बहुतेक कामे तिथेच झालेली असतात. त्या जागी गिब पट्टी (सॅडलची ढिलाई घालवणारी पट्टी) घट्ट केलीस तर सॅडल टेलस्टॉककडे अडकेल. तेव्हा मधला मार्ग काढ आणि बेड ग्राइंडिंगचा खर्च आज करू नकोस. गावात तुझ्याकडे पंपाचे शाफ्ट, जिनिंगच्या रोलरची बेअरिंगची बैठक, रसवंतीचे रोलर अशी कामे येतील. बेअरिंगची बैठक चाळीस-पन्नास मिलिमीटर लांबीची असते आणि तेवढ्या लांबीत झिजलेल्या बेडचा दोष फारसा उतरत नाही.

आता ड्राइव्ह. तुझी मोटर दोन हॉर्सपॉवरची आहे. तिच्या पेटीत सहा टोके बाहेर काढलेली असतील आणि प्लेटवर ४१५ व्होल्ट स्टार लिहिले असेल, तर तीच मोटर डेल्टात (वाइंडिंग जोडण्याच्या दुसऱ्या पद्धतीने) जोडून २३० व्होल्टच्या व्हीएफडीवर, म्हणजे तू विचारलेल्या ड्राइव्हवर, चालते, कारण स्टारमध्येही तिच्या प्रत्येक वाइंडिंगला २४० व्होल्टच मिळत होते. शेतीपंपाच्या जोडणीवरून वर्कशॉप चालवू नकोस. ते नियमात बसत नाही आणि तिथे थ्री फेज पाळीनेच येते. फ्रिक्वेन्सी फार उतरवलीस तर मोटरचा स्वतःचा पंखा मंदावतो आणि ती तापते, म्हणून वेग कमी करण्याचे मुख्य काम कोन पुलीवरच (पायऱ्यांच्या पुलीवर) ठेव.

याहून गंभीर बाब अशी की तुझा चक स्पिंडलवर (हेडस्टॉकच्या फिरत्या आसावर) आट्यांनी बसतो. व्हीएफडीने झटक्यात ब्रेक लावला किंवा उलटे फिरवले, तर एवढा जड चक आटे सोडून अंगावर येऊ शकतो. रिव्हर्स बंद कर आणि थांबण्याचा वेळ निदान सहा-सात सेकंदांचा ठेव. लोडशेडिंगनंतर वीज आली की लेथ आपोआप सुरू होणार नाही, अशीच बटणांची जोडणी कर. अर्थिंगचा खड्डाही याच काळ्या मातीत आहे आणि ती उन्हाळ्यात वाळून पाइपपासून सुटते. त्यात कोळसा-मीठ भर आणि मार्चपासून पाणी टाकत राहा.

कार्बाइडच्या टिपा (टूलची कठीण टोके) इतक्यात घेऊ नकोस. ४० मिमीच्या माइल्ड स्टीलला हायस्पीड टूलने मिनिटाला ३० मीटर कटिंग स्पीड ठेवला तर २४० फेरे पुरतात. कार्बाइडला १२० मीटर द्यायचे म्हटले की ९५० फेरे लागतात, आणि गनमेटलच्या बुशात फिरणाऱ्या या जुन्या स्पिंडलला तेवढा वेग सोसणार नाही. तुझ्या फोटोतली आट्यांची पाटी इंचाची आहे. भंगारातल्या गिअरांत १२७ दातांचे चाक असेल तर ते जिवापाड जप. पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर, म्हणून त्याच चाकाने इंचाच्या लीड स्क्रूवर (आटे पाडताना सॅडल सरकवणाऱ्या लांब स्क्रूवर) मिलिमीटरचे आटे अचूक पडतात.

आपल्याकडे उन्हात सगळेच डोक्याला दुपट्टा बांधतात. शेडच्या दारात एक खिळा ठोक आणि तो तिथे काढून ठेवल्याशिवाय लेथचे बटण दाबू नकोस. हातमोजेही तिथेच राहू देत.

पोळ्याच्या आधी मी मायक्रोमीटर घेऊन एकदा येईन. तोपर्यंत खड्डा, मुरूम आणि स्लॅब एवढे झाले तरी पुष्कळ आहे. हेडस्टॉकच्या बोल्टांना मात्र पाना लावू नकोस.

तुझा,
काका