होहेनझोलर्न : यातला 'झोल' म्हणजे जकात का?

प्रश्न असा होता की जर्मन कैसरच्या घराण्याचं नाव होहेनझोलर्न, आणि जर्मनमध्ये 'त्सोल' म्हणजे जकात, मग हे मुळात जकात गोळा करणारे लोक होते का? आणि मराठीत 'झो' लिहायचं की 'त्सो'?

जकातीचा काही संबंध नाही. शंका येणं साहजिक आहे म्हणा, कारण १८३४ ची जर्मन राज्यांची जकात-युती, 'त्सोलफेराइन', प्रशिया या मोठ्या जर्मन राज्याच्याच पुढाकाराने झाली आणि प्रशियाचे राजे याच घराण्यातले, पण तो नुसता योगायोग. त्सोलर हे डोंगराचं नाव आहे. दक्षिण जर्मनीत, श्वाबियात, हेखिंगन गावाजवळ साधारण ८५५ मीटर उंचीचा सुटा डोंगर, त्यावर किल्ला, आणि किल्ल्यावरून घराण्याचं नाव, म्हणजे आपल्याकडे निंबळकवरून निंबाळकर झाले तसंच. डोंगराला ते नाव कशावरून पडलं यावर लॅटिनमधल्या 'सूर्याचा डोंगर' अशा अर्थाच्या शब्दांकडे बोट दाखवतात, पण तो अंदाजच समजा.

पहिला उल्लेख १०६१ चा, आणि तोही मारले गेल्याचा! रायखेनाऊच्या मठातल्या बेर्टोल्ड नावाच्या साधूने बखरीत एका ओळीत लिहून ठेवलंय की बुर्कहार्ड आणि वेत्सिल 'दे त्सोलोरिन' (म्हणजे त्सोलर्नचे) मारले गेले, बस. यात 'होहेन' कुठेच नाही बघा. 'होख' म्हणजे उंच, नामाच्या आधी आलं की त्याचं रूप 'होहेन' होतं, आणि हे उपपद नंतर चिकटलंय. होहेनस्टाउफेनमध्येही तेच 'होहेन', पण ते घराणं वेगळं, डोंगरही वेगळा.

पण माझ्या मते या घराण्याच्या इतिहासात खरा कामाचा शब्द 'बुर्गग्राफ' आहे. बुर्ग म्हणजे किल्ला, ग्राफ म्हणजे काउंट, तर सम्राटाच्या वतीने किल्ला आणि आसपासचा मुलूख सांभाळणारा, मराठीत किल्लेदार म्हटलं तर जवळ जातं पण याचा हुद्दा वंशपरंपरागत झाला आणि अधिकारही मोठे होते. ११९२ च्या सुमारास त्सोलर्नचा फ्रीडरिख न्यूरेंबर्गचा बुर्गग्राफ झाला, कसा, तर आधीच्या बुर्गग्राफच्या मुलीशी, राब्सच्या सोफियाशी लग्न केलं होतं आणि सासऱ्याला मुलगा नव्हता. पुढे वाटण्या होऊन एक शाखा मूळच्या श्वाबियात राहिली, दुसरी न्यूरेंबर्गकडे फ्रँकोनियात. या दुसऱ्या शाखेला १४१५ मध्ये राजा सिगिसमुंडने बर्लिनभोवतीचा ब्रांडेनबुर्ग हा मुलूख दिला, १७०१ ला ते प्रशियात राजे झाले आणि १८७१ ला जर्मनीचे कैसर, म्हणजे सम्राट. इकडे मूळ डोंगरावरचा किल्ला १४२३ मध्ये श्वाबियातल्या शहरांनी वेढा घालून पाडला होता. आज फोटोत दिसतो तो परीकथेतला किल्ला पार एकोणिसाव्या शतकातला, १८६७ ला पूर्ण झालेला, त्याला मध्ययुगीन म्हणून फॉरवर्ड करू नका प्लीज.

श्वाबियातली शाखा तशी दुय्यम राहिली, तरी तिच्यातल्या सिग्मारिंगेन या उपशाखेच्या कार्लला १८६६ मध्ये रुमानियाचं राज्य मिळालं.

लिहायचं कसं, तर जर्मन उच्चार 'होअनत्सोलर्न'च्या जवळ जातो, मधला ह ऐकू येत नाही आणि झेड म्हणजे त्स. पण मराठीत इंग्रजीवरून 'होहेनझोलर्न' रुळलंय, ते चालतं. जर्मन शिकणाऱ्यांसाठी लिहित असाल तर त्स घ्या, फक्त एकाच लेखात दोन्ही नकोत.