ओल्या वाळूत आधी सेन्सिटिव्हिटी उतरव

नवीन मेटल डिटेक्टरचं (जमिनीतला धातू शोधणारं) मशीन हातात आलं की सेन्सिटिव्हिटी, म्हणजे त्याची संवेदनशीलता, शेवटपर्यंत चढवायचा मोह होतो, तो आवर. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या वाळूतून वीज वाहते, म्हणून मशीनला तीच धातू वाटते. त्यात रत्नागिरीकडे काळ्या वाळूत इल्मेनाइट हे लोखंड असलेलं खनिज, मग ते नुसतं किरकिरत राहतं. कॉइल (खालची तबकडी) उचलून-टेकवून आधी ग्राउंड बॅलन्स कर, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज मशीनला वगळायला लाव. वरखाली आवाज सारखा झाला की सेन्सिटिव्हिटी एकेक पायरी उतरव, बडबड थांबेपर्यंत. थोडं कमी खोलवरचं सापडेल, पण खरा सिग्नल ऐकू येईल. सुक्या वाळूत आलास की पुन्हा बॅलन्स. जांभ्याच्या मातीत तर थोड्या-थोड्या अंतरावर.

डिस्क्रिमिनेशनबद्दल, म्हणजे नको ते धातू गाळण्याबद्दल, मात्र माझं ठाम मत आहे: लोखंड सरसकट बंद करू नकोस. १९९२ पासूनचा छोटा रुपया स्टेनलेस स्टीलचा, चुंबकाला चिकटणारा. खिळ्यांबरोबर तोही गाळला जाऊ शकतो. घरातली जुनी-नवी नाणी, बाटलीचं बूच, एखादा खिळा वाळूत पुरून प्रत्येकाचा आवाज कानात बसव.

किल्ल्यांच्या आसपास मशीन काढूच नकोस. आणि १० रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडला, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.