टी सेल (शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी) कॅन्सरच्या पेशींना मारतायत हे विजेच्या सेन्सरने कसं कळतं? त्या ग्राफवर विश्वास ठेवावा का?

ठेवावा, पण ग्राफ वाचता यायला हवा. मी लॅबमध्ये हेच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वेलच्या (पेशी वाढवायच्या प्लेटमधल्या छोट्या खळग्याच्या) तळाला सोन्याचे पातळ इलेक्ट्रोड असतात आणि त्यातून अगदी बारीक एसी करंट सोडतात, पेशींना त्याने काही होत नाही. पेशी तळाला चिकटून पसरल्या की करंटची वाट अडते, कारण पेशीचं आवरण वीज सहज जाऊ देत नाही, मग करंटला पेशींच्या खालच्या आणि मधल्या चिंचोळ्या फटींतून वाट काढावी लागते आणि इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो. ग्राफवर हाच आकडा दिसतो. 1984 मध्ये आयव्हर गिएव्हर आणि चार्ल्स कीज या शास्त्रज्ञांनी हे दाखवलं (गिएव्हरना 1973 मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं, सुपरकंडक्टरमधल्या टनेलिंगसाठी, आणि मग ते पेशींकडे वळले!). त्यांची खरी युक्ती म्हणजे एक इलेक्ट्रोड पाव मिलिमीटरच्या आसपास, एवढा छोटा ठेवला, मोठा असला तर मीडियमचाच (पेशी ज्या द्रवात वाढतात त्याचाच) रेझिस्टन्स सगळं झाकतो आणि पेशींचा फरक दिसतच नाही.

आता तुमचा मुद्दा. ट्यूमरच्या पेशी आधी चिकटू द्यायच्या, साधारण एक दिवस, आकडा वर चढतो, मग टी सेल टाकायचे. टी सेल तळाला फारसे चिकटत नाहीत म्हणून त्यांचा स्वतःचा सिग्नल नगण्य असतो, आकडा घसरला तर तो ट्यूमरच्या पेशी सुटल्यामुळे किंवा आकसल्यामुळे. ल्युकेमियाच्या पेशी तरंगतात, त्यांना मात्र आधी अँटिबॉडीने तळाला धरून ठेवावं लागतं.

पण आकडा घसरणं म्हणजे पेशी मरणं नाही, इथेच लोक फसतात. रक्तवाहिनीच्या आतल्या थरातल्या पेशींवर थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं एन्झाइम) टाकून बघा, काही मिनिटांत इम्पीडन्स धाडकन पडतो, पेशी आकसतात, मधे फटी पडतात, आणि एक-दोन तासांत बराचसा परत वर येतो, मेलेलं कुणीच नसतं. म्हणून पेपरमधला ग्राफ बघताना नुसत्या ट्यूमर पेशींचा वेल, त्या ट्यूमर पेशींना न ओळखणारे टी सेल टाकलेला वेल आणि डिटर्जंटने सगळ्या पेशी फोडलेला वेल, हे तीन आहेत का ते आधी शोधा, आणि शेवटी फ्लो सायटोमेट्रीने (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तपासण्याची पद्धत) किंवा निदान फोटो काढून पेशी खरंच मेल्या का हे तपासलंय का ते बघा. स्वतः करणार असाल तर पेशी टाकल्यावर प्लेट अर्धा तास बाहेरच सपाट ठेवा, लगेच इन्क्युबेटरमध्ये टाकली तर पेशी कडेला गोळा होतात आणि प्रत्येक वेल वेगळंच काहीतरी सांगतो.