मागच्या ब्रेकचा नट शेवटपर्यंत कसला तरी ब्रेक लागत नाही. आर्मचा दात सरकवून अजून वर्षभर चालेल का?

तुमच्या प्रश्नातून समजलं ते असं: १०० सीसीची गाडी, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, मागच्या रॉडचे आटे संपत आले आणि पेडल पार खाली जातं. मिस्त्री म्हणतो शूज (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या दोन कमानी) बदला. शेजारचे काका म्हणतात, "काऊन बदलतं बे, अजून लय जीव हाय त्याच्यात, आर्म एक दात सरकव."

मिस्त्री बरोबर आहे. काकांचा उपाय मात्र खोटा नाही, तो चालतो, आणि घोळ तिथेच आहे.

आर्म म्हणजे ड्रमबाहेरची छोटी दांडी, ती कॅमच्या दांड्यावर दातांनी बसते. पेडल दाबलं की रॉड आर्मला ओढतो, आर्ममुळे ड्रमच्या आतला कॅम (शूज फाकवणारा चपटा तुकडा) फिरतो आणि दोन्ही शूज फाकून ड्रमला घासतात. नव्या शूजचं लायनिंग (वरचा घासणारा थर) साधारण ४ मिमी जाड असतं. ते २ मिमीवर आलं की बदलायचं. लायनिंग जसं झिजतं तसा कॅमला जास्त फिरावं लागतं, म्हणून आपण नट कसत जातो. आर्म एक दात सरकवला तर पेडल वर येतं, नटाला पुन्हा आटे मिळतात, काका जिंकतात. पण शू तेवढाच पातळ राहतो आणि कॅम आधीपेक्षा जास्त फिरू लागतो. जास्त फिरलेला कॅम जवळजवळ आडवा होतो. त्या अवस्थेत शूजवर दाब नीट पडत नाही आणि कधी कॅम तिथेच अडकतो. म्हणजे ब्रेक लागतो, पण सुटत नाही. भर रस्त्यात मागचं चाक जाम.

दात सरकवायचा एकच योग्य प्रसंग आहे: आधी कोणीतरी आर्म चुकीच्या दातावर बसवला असेल तर. कॅमच्या दांड्यावर आणि आर्मवर ठोकलेली छोटी खूण असते. त्या दोन खुणा समोरासमोर नसतील तर त्या जुळवा. जुळलेल्या असतील तर आर्मला हात लावू नका.

दुकानात जाण्याआधी फुकटची एक तपासणी करा. ब्रेक प्लेटच्या (ड्रमच्या झाकणाच्या) बाहेर, आर्मजवळ एक बाण असतो आणि प्लेटवर एक रेघ किंवा त्रिकोण कोरलेला असतो. कोणाला तरी पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा. बाण त्या खुणेला भिडला की शूजचं आयुष्य संपलं. काही गाड्यांत हा बाण आर्मवरच असतो. तिथे आर्म सरकवला की बाणही खोटं बोलतो. काही गाड्यांत बाण वेगळ्या पातळ पत्र्यावर असतो आणि त्याचा एक रुंद दात कॅमच्या रुंद खाचेतच बसतो, म्हणून तो फसत नाही. (तो पत्रा पक्कडीने वाकवून "आता बरोबर दाखवते" म्हणणारेही आपल्याकडे सापडतील.)

आता काटकसरीचा हिशेब करू, कारण खरा मुद्दा पैशाचा आहे. मागच्या शूजची जोडी साधारण दोन-अडीचशेच्या घरात मिळते. लायनिंग संपूनही गाडी चालवली की शूचं ॲल्युमिनियम थेट ड्रमच्या लोखंडावर घासतं. चर्र आवाज येतो आणि ड्रमला खोल चर पडतात. स्पोकचं चाक असेल तर नवा हब घ्या, स्पोक काढा, चाक पुन्हा गुंफून त्याचा आउट (डगमग) काढून घ्या. अलॉय असेल तर ड्रमची कडी चाकातच ओतलेली असते, म्हणजे अख्खं चाक. खरादीवर ड्रम साफ करून मिळतो, पण त्याला मर्यादा आहे. कमाल व्यास ड्रमच्या आत कोरलेला असतो, त्यापलीकडे घासला की नवा शूसुद्धा नीट टेकत नाही.

गावाकडच्या ब्रेक-बचतीचे बाकी प्रकारही एकदा पाहून घ्या. पहिला, चपलेने गाडी थांबवणारा. त्याची चप्पल अडीचशेची, शूजही अडीचशेचे, पण चप्पल वर्षातून दोनदा बदलेल आणि शूज "कंपनीचेच हायत अजून" म्हणून अभिमानाने दाखवेल. दुसरा, शूच्या कॅमकडच्या टोकाखाली डब्याच्या पत्र्याचा तुकडा सारणारा. ही पत्री कधीतरी सरकते आणि ड्रममध्ये फिरत बसते. तिसरा, तेलकट शू गॅसवर भाजणारा. वरचं तेल जळतं, आत मुरलेलं राहतं, आणि चिकटवलेलं लायनिंग उष्णतेने सुटायला लागतं. सुटलेला तुकडा शू आणि ड्रमच्या मध्ये अडकला की चाक जागेवर थांबतं. यातल्या तिसऱ्याशी वाद घालू नका, शू हिसकावून घ्या.

चौथा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो: "समोरचा दाबला का पलटी होते," म्हणून पुढचा ब्रेक कधी न वापरणारा. त्याचे मागचे शूज दरवर्षी जातात आणि पुढचे नव्यासारखे राहतात. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे सरकतं, म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढचं चाकच करू शकतं. पलटी होते ती ओल्या चिखलात किंवा वळणावर लिव्हर एकदम आवळल्याने. सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक सोबत, पुढचा हळूहळू वाढवत दाबा. मागे युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्या असतील तर पुढचं चाक हलकं होतं. तेव्हा वेग कमी आणि अंतर जास्त, दुसरा इलाज नाही.

आणि पाचवा, चिखलदऱ्याच्या घाटातून परतवाड्याकडे उतरताना इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा. इंजिनचा अडसर गेला की सगळा भार शूजवर येतो, ड्रम तापतो आणि तापलेला शू घसरतो. पेडल दाबलं जातं, गाडी थांबत नाही. शिवाय पेट्रोलचा हिशेबही चुकतो. २०२० नंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत गिअरमध्ये ॲक्सिलेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर पेट्रोल तोडतो, म्हणजे इंजिन बंद करून वेगळं काही वाचत नाही. आणि इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये सोडली तर ते उलट पेट्रोल पीत राहतं. घाटात तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये उतरणं हीच काटकसर.

शूज लवकर जाण्याचं आपल्या भागातलं मोठं कारण काळी माती आहे. पावसाळ्यात शेतरस्त्याचा चिखल प्लेटच्या फटीतून आत जातो, वाळतो आणि त्याची भुकटी शू आणि ड्रमच्या मध्ये घासत राहते. म्हणून पेरणीची धावपळ आटोपली की एकदा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा चाक काढून ड्रम साफ करा. नाला ओलांडला असेल तर पुढे शंभरेक मीटर ब्रेक हलका दाबून चालवा, आतलं पाणी सुकतं. खताची गोणी फुटून रॉडवर किंवा प्लेटवर सांडली असेल तर त्याच दिवशी पाण्याने धुवा, नाहीतर आटे गंजून नट फिरणार नाही.

दुसरं कारण पाय. पेडलवर पाय टेकवून चालवायची सवय असेल तर शूही जातो आणि मायलेजही. तपासायचं असेल तर आठ-दहा किलोमीटर कमीत कमी ब्रेक मारत चालवा, उतरून हबजवळ हात न्या. झळ लागली तर ब्रेक धरून राहतोय. डबल स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा, ते मोकळं फिरलं पाहिजे. पेडलला २० ते ३० मिमी मोकळी चाल हवी, पुढच्या लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी. अचूक आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. चेन ताणली की चाक मागे सरकतं आणि ब्रेक आपोआप आवळला जातो, म्हणून चेनच्या कामानंतर ब्रेकचा नट पुन्हा जुळवायचाच. हे निम्मे मिस्त्रीही विसरतात.

स्वतः शूज बदलायचे असतील तर तासाभराचं काम आहे. १४ चा पाना, एक्सलला बसेल तो (बहुतेक १७ किंवा १९), पक्कड, पॉलिश पेपर आणि थोडं ग्रीस. गाडी डबल स्टँडवर घ्या. रॉडचा नट, पिन आणि स्प्रिंग काढा. ब्रेक प्लेटला धरून ठेवणाऱ्या पट्टीची कॉटर पिन आणि नट काढा. एक्सल ओढून काढा, बुश (एक्सलवरची छोटी नळी) कोणत्या बाजूचा होता ते पाहून ठेवा. बऱ्याच १०० सीसी गाड्यांत चेन काढावी लागत नाही, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) रबरांवरून सुटून जागेवरच राहतं. प्लेट उचलली की शूज दिसतील. दोन्ही मधून दुमडले की स्प्रिंगसह निघतात.

आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरही मारू नका. स्वस्त लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस (फुप्फुसाला घातक तंतू) असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा. डिझेलने तर मुळीच धुवू नका, तेलकट थर राहतो. ड्रम आतून चकाकत असेल तर पॉलिश पेपर हलका फिरवा. कॅम काढून पुसा, त्याच्या दांड्याला आणि समोरच्या खुंटीला नखाएवढंच ग्रीस लावा. जास्त लावलं तर तेच वितळून शूवर येतं. स्प्रिंगा ताणल्या असतील तर त्याही बदला, ढिल्या स्प्रिंगेमुळे शू मागे हटत नाही.

बसवताना एक्सलचा नट आधी अर्धवट कसा, पेडल जोरात दाबून धरा आणि मगच पूर्ण कसा. त्याने शूज मध्यावर बसतात. पट्टीच्या नटाला कॉटर पिन नवीनच टाका. इथे बाइंडिंग तार चालत नाही. ती पट्टी सुटली तर ब्रेक मारताच प्लेट चाकासोबत फिरते आणि चाक जाम होतं. पहिले शंभर-दोनशे किलोमीटर नवा शू कमी पकडतो, त्याला वेळ द्या, लगेच नट कसत बसू नका.

तुमची गाडी एप्रिल २०१९ नंतरची असेल तर मागचं पेडल दाबल्यावर पुढचा ब्रेकही थोडा लागतो. तेव्हा पुढची केबलही तपासून घ्या. ती गंजून अडकत असेल तर दोष मागच्या शूजवर ढकलला जातो.

मिस्त्रीकडून काम करून घेणार असाल तर समोर उभे राहा, ड्रमचे चर डोळ्यांनी पाहा आणि जुने शूज मागून घ्या. ते ॲल्युमिनियमचे असतात, भंगारवाला वजनावर घेतो. दुकानात कशाला सोडता?