डिस्चार्जआधी डोळ्यांची तारीख हातात घ्या

बाळ ३१ आठवड्यांना जन्मलेलं, १३५० ग्रॅम, आज २२वा दिवस, परवा डिस्चार्ज, आणि ‘सिस्टरना काय विचारून ठेवू’ हा तुमचा प्रश्न. हात धुणं, टोपी-मोजे एव्हाना पाठ झालं असेल, ते सोडतो. मी डॉक्टर नाही. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

आधी डोळे. २००० ग्रॅमच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ असेल, तर ३० दिवसांच्या आत डोळ्याचा पडदा तपासायलाच हवा. (२८ आठवड्यांआधीचं किंवा १२०० ग्रॅमखालचं असेल तर २-३ आठवड्यांतच.) तुमचा ३०वा दिवस घरी उजाडणार, गोची तिथेच आहे. कार्डावर ‘आरओपी स्क्रीनिंग’ (म्हणजे हीच पडद्याची तपासणी) एवढेच दोन शब्द असतात आणि बिलिंग काउंटरवर ते कुणी समजावत नाही. आम्हाला तिथे ‘नंतर कधीही दाखवा’ सांगितलं होतं. तो ‘कधीही’ फार महागात पडला. पडद्यावरच्या अर्धवट रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या की पडदा ओढला जाऊन सुटतो, आणि बाहेरून डोळा अगदी छान दिसत असतो! वेळेत सापडलं तर लेझर करता येतं. दिवस, वेळ, डॉक्टरांचं नाव लिहून घेतल्याशिवाय फाइल उचलू नका. पुण्यात ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयात ही तपासणी होते. एकदा करून भागत नाही, पडदा पूर्ण वाढेपर्यंत पुन्हा पुन्हा बोलावतात. आधी तासभर दूध देऊ नका, उलटी होते.

बाकीचं सिस्टरकडून, पण नुसतं ऐकून नाही. ‘समजलं ना?’ला मान डोलावू नका. वाटी-चमच्याने पाजणं, सिरिंजमध्ये औषध मोजणं त्यांच्यासमोर करून दाखवा. रात्री आजी बाळाला घेणार असतील तर त्यांनाही न्या. ड्युटी बदलताना मात्र विचारू नका, त्या वेळी कुणाचंच लक्ष नसतं. कांगारू केअर (बाळाला उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून धरणं) एका बैठकीला निदान तासभर, बाळ छातीवर उभं, मान जरा वर, नाक मोकळं. वडिलांनीही करायचं, ‘आईलाच पाठवा’ म्हणाले तर मी तरी वाद घालेन.

पावलं आणि पोट दोन्ही गार, श्वास मिनिटाला ६०च्या वर, छाती आत ओढली जाणं किंवा दूध न घेणं, यातलं काहीही दिसलं तर फोन करत बसू नका, थेट निघा.

आणि हो, लस जन्मतारखेप्रमाणे. मान धरणं, पालथं पडणं मात्र मूळ ड्यू डेटपासून मोजा, नाहीतर शेजारच्या काकू उगाच जीव घाबरवतात.