पहिले ७२ तास

प्रिय मित्रा,

पुरुषाला भेटायला गेल्यावर त्यानं शरीरसंबंधाची जबरदस्ती केली तर काय करायचं, हा तुझ्या प्रश्नांतला एक आधी घेतो, कारण त्यात उशीर चालत नाही. तसं झालं तर एचआयव्ही टाळणारी पीईपीची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जमलं तर पहिल्या दोन तासांतच. मग २८ दिवस रोज, एकही खाडा न करता. पोरं नेमकी इथंच अडकतात. गावच्या दवाखान्यात ओळखीची सिस्टर भेटेल म्हणून दोन दिवस घरीच काढतात. तू तिथं जाऊच नको. थेट जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज गाठ. रात्र असेल तर कॅज्युअल्टीत जा आणि पीईपी पाहिजे असंच सांग. तुझा एचआयव्हीचा रिपोर्ट गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्यानं त्यांच्यावर बंधनकारक आहे. एचआयव्ही, गरमी (सिफिलिस), कावीळ ब यांची तपासणी त्याच दिवशी करून घे. एचआयव्हीची पुन्हा दीड महिन्यानं आणि तीन महिन्यांनी.

तक्रार द्यायची असेल तर त्याआधी अंघोळ करू नको. अंगावरचे कपडे कागदात गुंडाळ. पन्नीत ओल धरते, पुरावा सडतो.

पोलीस ठाण्यात कोणी ‘३७७ लावतो’ म्हणून, म्हणजे समलिंगी संबंधांवर लावायचं ते जुनं कलम दाखवून, घाबरवेल. दोन सज्ञान पुरुषांचं राजीखुशीचं नातं ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाही. अडचण दुसरीच आहे, आणि ती मला फार सलते: नव्या भारतीय न्याय संहितेत सज्ञान पुरुषावरच्या बलात्काराला कलमच नाही. म्हणून मारहाण, डांबून ठेवणं, खंडणी (कलम ३०८) असं एकेक सांगून तक्रार लिहून दे. डेटिंग ॲपवरची ओळख घरी सांगतो म्हणून कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नको. दिला की मागणी वाढते. चॅट पुसू नको. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव.

भेटीआधी थोडी दारू घेऊन जायची सवय मोड. वर्धा-गडचिरोलीत दारूबंदी, म्हणजे मिळते ती चोरटी. तिचा जोर कळत नाही. भेट होते नाल्याकडं, आणि मार बसला तरी दारूची केस होईल या धास्तीनं पोरगा दवाखान्यात जात नाही. चढल्यावर निरोध राहूनच जातो. खोबरेल तेलानं तो फाटतो, पाण्याचं जेल वापर. रोज पीत असशील तर मात्र एकदम सोडू नको. दोन-तीन दिवसांत झटके येतात, भास होतात, जिवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोड.

घरात फवारणीचं औषध असेल तर कुलपाची किल्ली दुसऱ्याकडं राहू दे. मन फार खचलं तर १४४१६ या टेली-मानस हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, रात्री दोनलासुद्धा.