तपकिरी पाण्यात, बर्फाखाली : थरथरणारे ल्युअर निवडताना

प्रश्न : गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून मी वॉलआय आणि पर्च हे मासे पकडतो. आमच्या तळ्याचे पाणी मुळातच कोऱ्या चहासारखे तपकिरी आहे आणि हिवाळ्यातही ते निवळत नाही. अशा पाण्यात थरथरणारे ल्युअर, म्हणजे गळ लावलेले कृत्रिम आमिष, वापरावे असे सगळेच सांगतात. पण दुकानात पत्र्याचे, पोकळ प्लास्टिकचे, आत छर्रे असलेले असे इतके प्रकार दिसतात की निवड करणे अवघड जाते. ज्याचा आवाज सर्वांत मोठा तेच घ्यावे, असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. आवाजाला महत्त्व आहेच, परंतु तुमच्या पाण्यासाठी ल्युअर निवडताना मी सर्वांत आधी हे पाहीन की ते किती संथ उचलले तरी थरथरू लागते.

यामागचे कारण माशाच्या शरीररचनेत आहे. पाण्यातली हालचाल माशाला दोन वाटांनी कळते. अंतःकर्णाने तो आवाज ऐकतो, तर अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या पार्श्वरेषेने त्याला पाण्याचे प्रत्यक्ष ढकलले जाणे जाणवते. थंड पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, त्यामुळे छर्र्यांचा खडखडाट बराच लांब पोहोचतो. पार्श्वरेषेचा पल्ला मात्र फार थोडा असतो. माशाच्या स्वतःच्या लांबीच्या एक-दोन पट अंतरातली मंद कंपनेच तिला नीट टिपता येतात. स्वच्छ पाण्यात मासा लांबूनच आमिष पाहून घेतो आणि झेप घ्यायची की नाही हे ठरवतो. तपकिरी पाण्यात तो आवाजाच्या दिशेने जवळ येतो खरा, पण आमिष दिसेपर्यंत तो त्याला जवळजवळ भिडलेला असतो, आणि त्या शेवटच्या वीतभर अंतरात त्याची भिस्त बरीचशी पार्श्वरेषेवर असते.

त्यात पाण्याचे तापमान पाहा. बर्फाला लागून ते शून्य अंशाजवळ असते आणि तळाशी फार तर ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, कारण गोडे पाणी त्या तापमानाला सर्वांत जड असते. इतक्या थंडीत माशाचे शरीर मंदावलेले असते आणि पळत्या आमिषामागे तो सहसा लागत नाही. म्हणूनच, जोराचा हिसका दिल्याशिवाय जे ल्युअर थरथरतच नाही, ते कितीही खडखडाट करीत असले तरी तुमच्या उपयोगाचे नाही.

ही पारख करायला सोपी आहे. ल्युअर भोकातून बर्फाच्या थराखाली हातभर सोडा, दोरी दोन बोटांच्या चिमटीत हलकेच धरा आणि रॉडचे टोक सावकाश वर न्या. चांगले ल्युअर पाच-सहा इंच उचलले जाईपर्यंत बोटांना बारीक, एकसारखी झिणझिण जाणवू लागते. नुसतेच ओझे वर आल्यासारखे वाटले तर ते बाजूला ठेवा. ही परीक्षा मी कोणत्याही जाहिरातीपेक्षा विश्वासाची मानतो.

आता प्रकारांविषयी. पत्र्याचे ल्युअर म्हणजे डोक्याकडे वजन ओतलेली धातूची पातळ पट्टी. तिच्या पाठीवर बहुधा दोन-तीन भोके असतात. नाकाकडच्या भोकात क्लिप अडकवल्यास थरथर बारीक आणि घट्ट होते, शेपटीकडे सरकावे तशी ती रुंद होत जाते. हे ल्युअर झपाट्याने तळाशी जाते, म्हणून खोल पाण्यात आणि लहान आकारात, विशेषतः पर्चसाठी, ते सोयीचे ठरते. चपट्या बाजूंचे पोकळ प्लास्टिकचे ल्युअर पाणी अधिक ढकलते, सावकाश पडते आणि आतल्या छर्र्यांमुळे वाजतेही. वॉलआयसाठी ४ ते ६ सेंटिमीटर लांबीचे असे एक ल्युअर मी पहिल्यांदा घेईन. छर्रे असलेला चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचे धातूचे ल्युअर, हा तिसरा प्रकार. तो फारसा थरथरत नाही, वाजतो आणि पडताना डुलतो. पण त्याच्या गळाला लहान माशाचे डोके लावता येते आणि तेवढ्याने त्याची चाल बिघडत नाही. पहिल्या दोन प्रकारांना असे काही लावले की थरथर मरते.

दोरी बांधण्याच्या पद्धतीनेही थरथर मरू शकते. नाकापाशी जाड गाठ किंवा जड फिरकी (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) नको. लहान, गोलाकार क्लिप लावावी. नायलॉनची दोरी ताणली जाते आणि बारीक कंप गिळून टाकते. विणलेली दोरी ताणली जात नाही, मात्र ती पाणी धरते आणि उघड्यावर गोठते, म्हणून ती बर्फावर तंबू ठोकून आत बसणाऱ्यांना अधिक मानवते.

रंगाबाबत एवढेच लक्षात ठेवावे की कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून विरघळलेली द्रव्ये निळा प्रकाश आधी शोषून घेतात, त्यामुळे खाली उरतो तो पिवळा-तांबूस उजेड. सोनेरी, तांबे, नारिंगी आणि पिवळट हिरवे हे रंग त्यात उठून दिसतात. निळा आणि जांभळा काळपट पडतात.

खडखडाट करायचा तो मासा जवळपास नसताना. ल्युअर दोन-तीन वेळा फूटभर झटकन उचलून पडू द्यावे, मग पाच-दहा सेकंद स्थिर ठेवावे. सोनारवर (ध्वनिलहरींनी पाण्यातला मासा दाखवणाऱ्या यंत्रावर) माशाची रेघ दिसली की हिसके थांबवून चार-सहा इंचांची संथ उचल करावी. जवळ येऊन मासा नुसताच थांबला, तर ल्युअर त्याच्यापासून किंचित वर, अगदी हळू न्यावे. अनेकदा तो घास घेतो तो ल्युअर खाली पडताना किंवा निश्चल असताना, म्हणून दोरी पूर्ण सैल सोडू नये.

प्रश्न : हिवाळा सरताना वितळलेले पाणी तळ्यात उतरते आणि तपकिरी पाणी मातकटही होते. तेव्हा ल्युअर बदलावे का?

उत्तर : होय. विरघळलेला रंग प्रकाश शोषतो, तर तरंगणारी माती तो विखुरते, त्यामुळे जवळची वस्तूही धूसर होते. आकार एका मापाने वाढवावा आणि झगमगाटाऐवजी सपाट, भरीव पिवळट हिरवा किंवा पांढरा रंग घ्यावा. उचल पूर्वीइतकीच संथ ठेवून थांबण्याचा वेळ वाढवावा, म्हणजे माशाला जागा हेरता येईल.

प्रश्न : मासा वर घेताना ल्युअरचा मोकळा तीनतोंडी गळ बर्फाच्या खालच्या कडेत रुततो आणि मासा सुटतो. पुढचा गळ काढून टाकला तर चालेल का?

उत्तर : चालते, आणि पुष्कळ जण तसे करतात. परंतु गळ काढला की ल्युअरचा तोल बदलतो. काही ल्युअर त्यानंतर अधिक मोकळी थरथरतात, तर काही कलंडतात. म्हणून गळ काढल्यावर वर सांगितलेली चिमटीची परीक्षा पुन्हा करावी. झिणझिण कमी झाली असेल, तर तोच गळ परत लावून भोकाची खालची कड खरवडून गुळगुळीत करणे हा अधिक चांगला उपाय आहे.